जपानी पाते घरी पाजळताना: दगडापासून हामोनपर्यंत

जपानी पात्यावर धारेलगत जी धुकट, लहरत जाणारी पांढरी पट्टी दिसते, ती हामोन. पात्याला पाणी देण्याआधी लोहार त्यावर मातीचा लेप देतो. पाठीकडे जाड, धारेकडे अगदी पातळ. लालबुंद पाते पाण्यात गेले की धार क्षणात थंड होऊन कमालीची कडक बनते. जाड लेपाखालचा भाग सावकाश निवतो आणि चिवट राहतो. या दोहोंच्या सीमेवर हामोन तयार होते. ती पोलादात मुरलेलीच असते. ती डोळ्यांना दिसेल इतका पृष्ठभाग स्वच्छ करणे, एवढेच पाजळणाऱ्याच्या हाती असते. ॲसिडमुळे ती चटकन दिसते हे खरे, पण घासण्यात राहिलेली कसर ॲसिड भरून काढत नाही, उलट चव्हाट्यावर आणते. म्हणून या लेखात घासण्यालाच जास्त जागा दिली आहे.

पाते कोणते घ्यावे

पहिली गोष्ट अगदी स्पष्ट सांगतो: जुन्या जपानी तलवारीला हात लावू नका. परंपरेने घडवलेले पाते दोनशे वर्षांपूर्वीचे असो की आजच्या लोहाराचे, ते घरी घासायचे नाही आणि त्यावर ॲसिड तर अजिबात नाही. जपानी पात्यात बहुधा बाहेरून कडक पोलादाचे कवच आणि आत मऊ लोखंडाचा गाभा असतो. दर पाजळणीला कवच थोडे झिजते. फार झिजले की गाभा वर डोकावतो, आणि मग त्यावर इलाज नाही. मुठीच्या आत जाणाऱ्या देठाला नाकागो म्हणतात. त्यावरचा काळपट गंज हा पात्याच्या वयाचा पुरावा असतो आणि लोहाराची सही असलीच तर तिथेच कोरलेली असते. कुणीतरी हौसेने तो गंज घासून लखलखीत करतो आणि पात्याची ओळखच पुसून टाकतो.

हे आपल्याकडेही लागू पडते. १९४५ मध्ये शरण आलेल्या जपानी अधिकाऱ्यांच्या तलवारी भारतीय सैन्यातही आल्या. त्यातल्या काही मुठी-म्यानांनी लष्करी असल्या तरी आतले पाते त्या अधिकाऱ्याच्या घराण्यातले, खूप जुने असू शकते. अशी तलवार घरात असेल तर फक्त हलके तेल लावा आणि जाणकाराला दाखवा.

सरावासाठी नवे पाते घ्या. भारतातल्या वाचकांनी कायदाही लक्षात घ्यावा. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार घरगुती, शेतीच्या किंवा कारखान्याच्या कामासाठी नसलेले, नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाते तलवारी-खंजिरांच्या वर्गात मोडते. आपल्या जिल्ह्यात परवान्याचे काय, हे पोलीस ठाण्यात विचारल्याशिवाय लांब पाते मागवू नका. परदेशातल्या मंडळींनी तिथले नियम पाहावेत. शिकायला सहा-सात इंचांचे, तांतोच्या घाटाचे पाते पुरेसे आहे. तांतो म्हणजे आखूड जपानी कट्यार. तिच्या अंगावर बहुतेक वेळा मधली उठावाची कड नसते, पाठीपासून धारेपर्यंत एकच सलग पृष्ठ असते. नवशिक्याला हे फार सोयीचे पडते, कारण लांब तलवारीच्या अंगावरची ती कड, शिनोगी, सरळ आणि टोकदार राखणे हे या कलेतले सर्वांत अवघड काम आहे.

पोलाद कोणते, हे विकणाऱ्याला विचाराच. १०९५, १०६० किंवा टी-१० अशा साध्या, जास्त कार्बनच्या पोलादावर हामोन छान उमटते. ट्रकच्या कमानपाट्याच्या पोलादात क्रोमियम, सिलिकॉन किंवा मँगनीज जास्त असते. ते आतपर्यंत कडक होते आणि त्यावर हामोन जवळपास येतच नाही. त्यावर कितीही मेहनत घेतली तरी ती वाया जाते.

बाजारात खोटी हामोनही खूप विकली जाते. स्टेन्सिल लावून ॲसिडने किंवा तारेच्या ब्रशने काढलेली ती नक्षी असते. ओळखायची एक सोपी रीत आहे. मुठीजवळच्या लहानशा जागी पाते ८०० नंबरच्या घासकागदापर्यंत (नंबर जितका मोठा तितका कागद बारीक) घासा, साबणाने धुऊन कोरडे करा आणि कापसाने कोमट व्हिनेगर लावा. दोन-तीन मिनिटांत सीमा परत दिसू लागली तर हामोन खरी. जागा एकसारखी करडी राहिली तर ती नुसती नक्षी होती.

जपानमध्ये हे काम कसे चालते

पाजळणाऱ्याला तिथे तोगिशी म्हणतात. लोहार वेगळा, तोगिशी वेगळा, म्यान करणारा वेगळा. उमेदवारी साधारण दहा वर्षांची मानली जाते. होनआमी घराणे या कामात पिढ्यान्‌पिढ्या होते आणि शोगुनांच्या, म्हणजे जपानच्या लष्करी राज्यकर्त्यांच्या, तलवारींची पारख व देखभाल त्यांच्याकडे असे. याच घराण्यातले होनआमी निश्शू यांना १९७५ मध्ये जपान सरकारने जिवंत राष्ट्रीय ठेवा हा मान दिला. पुढे फुजिशिरो मात्सुओ आणि नागायामा कोकान या तोगिशींनाही तो मिळाला.

तोगिशी बुटक्या बैठकीवर बसतो. दगड पुढे कललेला असतो आणि पायाखालच्या लाकडी दाबाने जागच्या जागी धरलेला असतो. तिथे दगड स्थिर राहतो आणि पाते त्यावरून फिरते. शेजारच्या पाण्याच्या भांड्यात थोडा क्षार मिसळलेला असतो, कारण साध्या पाण्यात नुकते घासलेले पोलाद पाहता पाहता तांबूस होते.

कामाचे दोन भाग आहेत. पहिल्यात पात्याचा आकार बसवायचा. त्यासाठी बिन्सुई, काईसेई, मग दोन प्रकारचे नागुरा आणि शेवटी उचिगुमोरी असे दगड क्रमाने वापरतात. उचिगुमोरी हा क्योटोच्या परिसरातला अतिशय मऊ आणि बारीक दगड. दुसऱ्या भागात मोठा दगड बाजूला पडतो. उचिगुमोरीचे नखाएवढे पातळ काप घेऊन, त्यांना मागून कागद चिकटवून, अंगठ्याच्या टोकाखाली धरून पात्यावर फिरवतात. त्यांना हाझुया म्हणतात. पात्याचा अंगभाग गडद व्हावा म्हणून लोखंडाच्या ऑक्साइडची वस्त्रगाळ पूड तेलात कालवून कापसाने चोळतात. पाठ आणि शिनोगीच्या वरचा भाग पोलादी सळीने दाबून आरशासारखा करतात. हामोनला अनुसरून हाझुयाने धारेचा भाग पांढरा करण्याची जी पद्धत आज सर्रास दिसते, तिला हादोरी म्हणतात. ती मेइजी काळात (१८६८-१९१२) रूढ झाली.

या सगळ्या क्रमात ॲसिड कुठेही नाही. तोगिशीच्या नजरेत ॲसिड लावलेले पाते बिघडलेले असते, कारण पोलादातले बारीक चमकते कण आणि घडणीच्या थरांची नाजूक रेघ ॲसिड बोथट करते. आपल्याकडे मात्र जौहरदार पोलादाच्या तलवारींवर हिराकस (लोहाचे सल्फेट) लावून जौहर, म्हणजे पोलादातलीच लहरी नक्षी, उठवण्याची रीत जुनीच आहे. तिथे तो परंपरेचाच भाग आहे. एका देशातला संस्कार दुसऱ्या देशातल्या वस्तूवर करू नये, एवढे भान ठेवले तर नव्या, कारखान्यातल्या पात्यावर ॲसिडने हामोन उठवण्यात काहीच गैर नाही. मला तर वाटते, डोळा तयार करायला ही उत्तम शाळा आहे.

सामान

अस्सल जपानी दगड महाग पडतात आणि नवशिक्याच्या हाती लवकर झिजतात. घरी वॉटर पेपर पुरतो, म्हणजे गाडी रंगवणारे वापरतात तो काळा, पाण्यात भिजवून घासायचा कागद. २२०, ३२०, ४००, ६००, ८००, १०००, १५०० आणि २००० असे नंबर आणा. दर नंबरचे चार-पाच ताव लागतील. कागद गुंडाळायला सागाचा किंवा ॲक्रिलिकचा छोटा, सपाट ठोकळा हवा. नुसत्या बोटांनी घासायचे नाही.

शिवाय पात्याहून थोडी लांब लाकडी फळी आणि दोन सी-क्लॅम्प, एक बादली, धुण्याचा सोडा, ॲसिटोन, कापूस, जुने सुती कापड, खाण्याचा सोडा, पांढरे व्हिनेगर, फेरिक क्लोराइड, नायट्राइल हातमोजे आणि डोळ्यांना गॉगल. फेरिक क्लोराइड इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सर्किट बोर्ड कोरण्यासाठी मिळते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळेल.

बेंच ग्राइंडर आणि बफिंग मशीन यांना या कामात जागा नाही. पाते तापून पिवळसर झाले, म्हणजे साधारण २०० अंश सेल्सियसच्या वर गेले, की धारेचा कडकपणा उतरू लागतो. बफ कडा गोल करतो, आणि चाकात अडकलेले पाते कुठे उडेल याचा नेम नसतो.

घासणे

मूठ उतरवून ठेवा. बांबूची खुंटी, मेकुगी, हलकेच ठोकून निघते. नाकागोवर कापड गुंडाळून चिकटपट्टी लावा, ते तसेच राहू द्या. धार एखाद्या दगडावर उभी दोन-चार वेळा ओढून मोडून घ्या. शेवटी पुन्हा लावता येते, आणि मधल्या कामात बोटे शाबूत राहतात. पाते फळीवर सपाट ठेवून नाकागोच्या बाजूने क्लॅम्प करा. पात्याची पूर्ण रुंदी फळीवर टेकलेली हवी, धार हवेत लोंबता कामा नये. बादलीत चिमूटभर धुण्याचा सोडा टाका.

२२० फक्त खोल ओरखडे किंवा कारखान्याच्या मशीनच्या रेघा असतील तरच लागतो. नाहीतर ३२० पासून सुरू करा. ठोकळा पाठीकडून धारेकडे तिरका न्या. बोटे नेहमी धारेच्या मागे. जोर हलका आणि सगळीकडे सारखा ठेवा. पात्याचे अंग पूर्ण सपाट नसते, त्याला किंचित फुगीरपणा असतो. तो राखायचा. म्हणून ठोकळा एकाच जागी दाबून धरू नका, पाठीकडचा पट्टा, मधला पट्टा, धारेकडचा पट्टा असे एकमेकांवर थोडे चढवत घासा. पाठीची कड आणि टोक इथे हात सर्वांत हलका हवा, कारण तिथे दोन फाजील घास गेले तरी आकार गोलसर दिसू लागतो.

आता या लेखातला सर्वांत महत्त्वाचा नियम. दर नंबरला घासण्याची दिशा बदला. ३२० उजवीकडे तिरका गेला असेल तर ४०० डावीकडे तिरका, ६०० पुन्हा उजवीकडे. असे केले की आधीच्या नंबरची प्रत्येक रेघ नव्या रेघांना छेदताना स्पष्ट दिसते. ती पूर्ण जाईपर्यंत पुढचा कागद हातात घ्यायचा नाही. ८०० च्या पुढे घास लांबीच्या दिशेने न्यायला लागा. १५०० आणि २००० ला तर टोकाकडून नाकागोकडे, एकाच दिशेने, लांब आणि सलग ओढा. मागे-पुढे करू नका. घास परत फिरतो तिथे आकड्यासारख्या बारीक खुणा पडतात आणि त्या नंतर फार छळतात.

पाहणी कशी करायची ते सांगतो. खोलीतले दिवे बंद करून एकच उघडा बल्ब किंवा टॉर्च ठेवा. पाते धुऊन कोरडे करा आणि उजेडाखाली हळूहळू कलते करा. सरळ पाहिले तर सगळे गुळगुळीत वाटते. कोन बदलता बदलता एका क्षणी मागच्या नंबरची एखादी रेघ चांदीच्या तारेसारखी चमकून जाते. तिच्याजवळ पेनने खूण करा आणि एक नंबर मागे जा. हा भाग कंटाळवाणा आहे, पण पात्याचे रूप इथेच ठरते. दुपारी उन्हात पाहिलेले पाते रात्री बल्बखाली पुन्हा पाहा. वेगळे दोष दिसतात.

नंबर बदलताना पाते, फळी, ठोकळा, हात सगळे धुवा आणि पाणी बदला. ४०० चा एक कण २००० च्या कागदाखाली सापडला तर अख्ख्या पात्यावर ओरखडा ओढतो. कागद भरला की फेकून द्या, काटकसर करू नका.

सात इंचांच्या पात्याच्या दोन्ही बाजूंना काही संध्याकाळी लागतील. रोज थोडे करा. थकलेला हात दाब वाढवतो. काम थांबवताना पाते कोरडे करून तेलाचा हात फिरवायला विसरू नका.

१००० च्या आसपास हामोन आपोआप दिसू लागते. तिरप्या उजेडात धारेचा पट्टा जरा वेगळ्या झळाळीचा वाटतो. इथून पुढे नजर बसत जाते.

ॲसिड देणे

आधी व्हिनेगरने सुरुवात करा, फेरिक क्लोराइड नंतर. व्हिनेगर मंद असते आणि चूक सुधारायला वेळ देते. लिंबाचा रसही चालतो.

पाते भांडी घासायच्या साबणाने धुवा, कोरडे करा, ॲसिटोनने पुसा. यानंतर उघडे बोट लागू देऊ नका. बोटाचे तेल जिथे लागेल तिथे ॲसिड चढत नाही आणि ठशाचा डाग उमटतो. व्हिनेगर कोमट करून त्यात साबणाचा एक थेंब टाका, म्हणजे ते पात्यावर सारखे पसरते. कापसाच्या बोळ्याने नाकागोकडून टोकाकडे सतत फिरवत राहा. कुठेही ओघळ साचू देऊ नका. काही मिनिटांत पाते करडे, मग काळपट होते. आता ते धुवा आणि खाण्याच्या सोड्याचे पाणी चोळून ॲसिड मारा. १५०० नंबरची सिलिकॉन कार्बाइडची पूड किंवा धातूचे बारीक पॉलिश कापसावर घेऊन ती काळी साय हलकेच पुसून काढा. साय निघाली की कडक आणि मऊ भाग एकमेकांपासून वेगळे उठून दिसतात.

हे का होते? पाठीकडच्या मऊ भागात लोखंड आणि लोहकार्बाइड यांचे सूक्ष्म थर आलटून पालटून असतात. ॲसिड त्यातले लोखंड खाते, कार्बाइड उभे राहते, पृष्ठ खडबडीत होऊन उजेड गिळते आणि भाग गडद दिसतो. धारेच्या कडक भागाची रचना एकजिनसी असते. तो त्यामानाने सारखा झिजतो आणि पांढुरका राहतो.

जास्त उठाव हवा असेल तर फेरिक क्लोराइड घ्या. बाजारातले द्रावण चांगले पातळ करा, एक भाग द्रावणाला दहा भाग पाणी घेऊन सुरू करा. कोरडी पूड असेल तर नेहमी पाण्यात पूड टाका, पुडीवर पाणी ओतू नका, कारण मिश्रण तापते. भांडे प्लास्टिकचे किंवा काचेचे. खिडक्या उघड्या, हातमोजे आणि गॉगल घातलेले, मुले दूर. कपड्यांवर आणि फरशीवर पडले तर तपकिरी डाग जात नाही. डोळ्यांत उडाले तर भरपूर पाण्याने धुवत राहा आणि लगेच डॉक्टरकडे जा.

पातळ द्रावण कापसाने १५-२० सेकंद फिरवा, धुवा, सोडा लावा, साय पुसा, पाहा. मग पुन्हा. पाच-सहा छोट्या फेऱ्या एका लांब फेरीपेक्षा कितीतरी चांगल्या. जोरदार द्रावणात पाते बुडवून ठेवले की हामोन ठळक दिसते खरी, पण बटबटीत. तिच्या कडेचा धुकटपणा, निओई, जळून जातो. माझ्या मते तो धुकटपणाच या सगळ्या खटाटोपाचे फळ आहे. तेव्हा थोडे कमी राहिले असे वाटेल तिथेच थांबा.

याच वेळी पात्यावर अचानक जुने ओरखडे उमटलेले दिसले तर तो ॲसिडचा दोष नव्हे. ते आधीपासून होते, ॲसिडने त्यांच्या कडा खाऊन रुंद केल्या. ८०० किंवा १००० वर परत जा, तिथून पुन्हा वर या आणि मग ॲसिड द्या. मधल्यामध्ये २००० ने घासून ते जात नाहीत.

शेवटी सोड्याच्या पाण्यात पाते पाच मिनिटे बुडवा, धुवा, केस वाळवायच्या यंत्राच्या कोमट हवेने कोरडे करा आणि लगेच तेल लावा. ॲसिडचा अंश राहिला असेल तर दुसऱ्या दिवशी पिवळे डाग दिसतील. तसे झाल्यास सोड्याची फेरी पुन्हा करा.

वापरलेले फेरिक क्लोराइड बेसिनमध्ये ओतू नका, ते पितळी आणि स्टीलचे नळ खाते. झाकणाच्या प्लास्टिक बाटलीत नाव लिहून ठेवा. ते पुन्हा पुन्हा वापरता येते. निकामी झाले की सोडा थोडा थोडा टाकून फेस येणे थांबेपर्यंत शांत करा आणि घातक कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

धार आणि जपणूक

मोडलेली धार आता बारीक दगडावर लावा. पात्याच्या अंगाला दगड लागू नये म्हणून कोन जरासा उभा ठेवा. प्रदर्शनात ठेवायचे पाते असेल तर धार न लावलेलीच बरी.

तेल शिलाई मशीनचे वापरा, हलके आणि खनिज. खोबरेल किंवा गोडेतेल नको, ते चिकट होऊन खवट पडते. थर इतका पातळ हवा की पाते ओले दिसू नये. जपानमध्ये लवंगाचे तेल मिसळलेले तेल वापरतात, ते मिळाले तर उत्तम. चामड्याच्या म्यानात पाते कायम ठेवू नका, चामडे ओल धरते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी पाते काढून जुने तेल पुसा, उजेडात कलते करून पाहा आणि नवे तेल लावा. पाहताना पात्यावर तोंड आणून बोलू नये. थुंकीचा बारीकसा शिंतोडाही रात्रीत टाचणीच्या टोकाएवढा गंज देतो. तसा ठिपका दिसलाच तर तेलात बुडवलेल्या सुती कापडाने चोळा. निघाला नाही तर २००० च्या कागदाचा लहानसा तुकडा तेलात भिजवून फक्त लांबीच्या दिशेने चालवा आणि त्या जागेपुरती व्हिनेगरची एक हलकी फेरी द्या.